त्रिकोणी बोगद्यातले दोघे

पेनाइट या खनिजाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९५७ साली छापून आलं, तेव्हा त्याच्या रासायनिक सूत्रात झिर्कोनियम नव्हतं. कॅल्शियम होतं, ॲल्युमिनियम होतं, बोरॉन होतं, सिलिकॉनसुद्धा होतं. झिर्कोनियमचा पत्ता नव्हता. आज मान्य असलेलं सूत्र असं आहे: एक कॅल्शियम, एक झिर्कोनियम, एक बोरॉन, नऊ ॲल्युमिनियम आणि अठरा ऑक्सिजन. अणूंचं वजन धरून हिशेब केला की एकट्या झिर्कोनियमचा वाटा जवळजवळ १३.६ टक्के भरतो. घरातल्या माणसांची यादी करायला बसावं आणि सातांतला एक, तोही सगळ्यांत भरदार, गाळला जावा, तसा हा प्रकार. उलट बोरॉन, ज्याचा वजनातला वाटा दीड टक्क्याच्या थोडा वर, तो मात्र पहिल्याच फेरीत सापडला होता.

दुर्मीळ खनिजांवरचं लिखाण मी आवडीने वाचतो, पण त्यातल्या दुर्मीळपणाच्या कौतुकाचा मला लवकर कंटाळा येतो. किती कॅरट, किती नग, कोणाच्या संग्रहात. पेनाइटबद्दलही बहुतेकांना ठाऊक असतं ते एवढंच, की गिनेसच्या नोंदीत २००५ साली त्याला जगातलं सर्वांत दुर्मीळ रत्न-खनिज म्हटलं होतं. मला त्यातली ही हरवलेल्या सातव्या हिश्श्याची गोष्ट जास्त ओढून घेते, कारण हे खनिज इतकं विरळ का, याचं उत्तरही तिथेच आहे.

आधी थोडा इतिहास, लांबवण्याइतका तो नाही. ब्रह्मदेशातला, म्हणजे आजच्या म्यानमारमधला मोगोक हा भाग माणकांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. आर्थर चार्ल्स डेव्ही पेन हे ब्रिटिश रत्नपारखी तिथे खडे जमवत. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या हाती एक गडद लाल स्फटिक आला. १.७ ग्रॅम वजनाचा तो स्फटिक १९५४ साली त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. पुढे २.१ ग्रॅमचा दुसराही दिला. क्लॅरिंगबुल, मॅक्स हे (Hey) आणि पेन (Payne) या तिघा अभ्यासकांनी तपासून ते नवं खनिज असल्याचं जाहीर केलं. यातले पेन वेगळे, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंगही वेगळं. खनिजाला नाव मिळालं ते स्फटिक देणाऱ्या पेन यांचं. तिसरा स्फटिक अमेरिकेत १९७९ साली ओळखला गेला. पुढची वीसेक वर्षं जगाला ठाऊक असलेलं सगळं पेनाइट म्हणजे हे तीन खडे.

आता असा लाल स्फटिक मोगोकच्या मातीतून निघाला, तर तो माणिक नाही हे कोणाच्या लक्षात यावं? रंग माणकाच्या जवळचा. घनता मोजली तर ४.०१, आणि माणकाची ४.०० च्या आसपास, म्हणजे वजनावरून काही कळायचं नाही. काठिण्यात फरक आहे, माणिक ९ आणि पेनाइट ८. पण हाती एकच नग असताना त्यावर ओरखडा काढून कोण बघणार! भांडं फुटतं ते प्रकाशापाशी. माणकाचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप, १.७६ ते १.७७ च्या दरम्यान असतो. पेनाइटमध्ये तो एका दिशेने १.८१६ आणि दुसरीने १.७८७ येतो. प्रकाशकिरण आत शिरताना दोन वाटांनी फुटतो आणि त्या दोन वाटांमधला फरक माणकाच्या तिप्पट भरतो. स्फटिकाच्या उभ्या अक्षाच्या दिशेने पाहिलं तर माणकासारखा लाल रंग दिसतो, आडवं धरून पाहिलं तर तपकिरी झाक असलेला फिकट नारिंगी. हा रंग मुख्य पाच मूलद्रव्यांपैकी एकाचाही नाही. किंचित क्रोमियम आणि व्हॅनेडियम घुसलेलं असतं, रंग त्यांचा. नसतं, तर पेनाइट बहुधा पांढरंफटक किंवा रंगहीन निघालं असतं आणि एकाही रत्नपारख्याने ते खिशात घातलं नसतं.

म्हणजे प्रकाशाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे काहीतरी वेगळं आहे. वेगळं म्हणजे काय, हे सांगण्याचं काम रसायनाचं होतं. तिघांपैकी मॅक्स हे म्हणजे त्या पिढीतले खनिज-रसायनातले फार मोठे जाणकार. खनिजांची रासायनिक वर्गवारीनुसार सूची त्यांनीच केली होती. तरीही झिर्कोनियम निसटलं. मला यात कोणाची चूक काढायची नाही. सगळ्या जगात दोनच खडे असताना त्यातला कितीसा भाग कुटून, विरघळवून संपवायचा? शिवाय जुन्या ओल्या पृथक्करणात द्रावणात अमोनिया घातला की ॲल्युमिनियमचा साका खाली बसतो, आणि द्रावणात झिर्कोनियम असेल तर तेही त्याच्याबरोबरच बसतं. जिथे ॲल्युमिनियमचाच डोंगर आहे तिथे त्या पांढऱ्या साक्यात दुसरं कोणी दडलंय अशी शंका आधी यावी लागते. आणि बोरॉन असलेल्या खनिजात झिर्कोनियम शोधावं, अशी शंका येण्याला काही कारणच नव्हतं.

ते का नव्हतं, त्याकडे येतो. आधी रचना.

१९७६ साली शिकागो विद्यापीठातले पॉल मूर आणि त्यांचे सहकारी ताकाहारू अराकी यांनी पेनाइटची अणुरचना प्रसिद्ध केली आणि सूत्र दुरुस्त झालं. रचना शोधायची पद्धत क्ष-किरणांची. स्फटिकात अणू ओळीने, थराथराने, त्याच त्या अंतरावर मांडलेले असतात. त्यांच्यावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांनाच उसळतात, आणि त्या ठिपक्यांच्या जागा व तेज यांवरून आत कुठे किती इलेक्ट्रॉन साठलेत याचा नकाशा काढता येतो. या नकाशात मूलद्रव्यांची नावं लिहिलेली नसतात, फक्त इलेक्ट्रॉनांची गर्दी दिसते. बोरॉनचे इलेक्ट्रॉन ५, ऑक्सिजनचे ८, ॲल्युमिनियमचे १३, कॅल्शियमचे २०, झिर्कोनियमचे ४०. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांची या नकाशात गल्लत होऊ शकते, कारण १४ आणि १३ मध्ये फरक तो किती. पण चाळीस इलेक्ट्रॉनांचा सुळका हा विसांचा किंवा चौदांचा आहे अशी समजूत काढता येत नाही. परीक्षानळीत झिर्कोनियमला ॲल्युमिनियमच्या आड उभं राहता येतं, या नकाशात कोणाच्या आड उभं राहायला जागाच नसते.

पेनाइटच्या स्फटिकाची घडण षट्कोनी आहे. रचनेचा पुन्हापुन्हा येणारा सर्वांत लहान तुकडा पायथ्याला ८.७२ अँगस्ट्रॉम आणि उंचीला ८.४६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). या तुकड्यात वरच्या सूत्राचे दोन संच मावतात. कोणी हौसेने या आकड्यांवरून घनता काढून बघावी. मी काढली, ४.०१ येते, म्हणजे तराजूवर आलेलीच. झिर्कोनियम वगळून हा हिशेब जुळत नाही. विद्युतभारांची बेरीजही अशीच चोख आहे: कॅल्शियमचे २, झिर्कोनियमचे ४, बोरॉनचे ३, नऊ ॲल्युमिनियमचे मिळून २७, एकूण ३६, समोर अठरा ऑक्सिजनांचे प्रत्येकी दोन. अशा बेरजा जुळल्या की मला अजूनही बरं वाटतं. खनिजशास्त्रात याला फारसं कोणी महत्त्व देत नाही, कारण तिथे ते गृहीतच धरलेलं असतं.

पण खरी मौज आकड्यांत नाही. संगणकाच्या पडद्यावर ही रचना फिरवत फिरवत अगदी उभ्या अक्षाच्या रेषेत आणली की अचानक गर्दी विरळ होते आणि आरपार भोकं दिसू लागतात. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक अणूभोवती सहा ऑक्सिजन, म्हणजे प्रत्येकाचा एक अष्टफलक, सहा कोपऱ्यांचा आणि आठ पृष्ठांचा आकार. हे अष्टफलक कडेला कडा, कोपऱ्याला कोपरा लावून एक सलग सांगाडा उभारतात. या सांगाड्यात उभे बोगदे आहेत, दोन तऱ्हेचे. एक साधारण षट्कोनी, रुंद. त्यात कॅल्शियमचे अणू एकावर एक, सुमारे ४.२ अँगस्ट्रॉमच्या अंतराने. दुसऱ्या तऱ्हेचा बोगदा अरुंद, तीन कोनांचा. त्यात बोरॉन आणि झिर्कोनियम.

दोघे एकाच बोगद्यात! एक बोरॉन, वर झिर्कोनियम, मग बोरॉन, मग झिर्कोनियम, अशी माळ स्फटिकाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाते. मिलिमीटरभर उंचीत ही जोडी सुमारे बारा लाख वेळा येते. शेजारच्या त्रिकोणी बोगद्यातही हीच माळ, पण अर्ध्या पायरीने सरकलेली, म्हणजे या बोगद्यात ज्या पातळीवर बोरॉन, त्या पातळीवर शेजारी झिर्कोनियम.

बोरॉनने इथे आपला सर्वांत साधा अवतार घेतला आहे. मध्ये बोरॉन, भोवती तीन ऑक्सिजन, चौघेही एका सपाट पातळीत. बोरेट, म्हणजे बोरॉन-ऑक्सिजनच्या खनिजांच्या सगळ्या विश्वात बोरॉनला जेमतेम दोन बैठका ठाऊक असतात, हा सपाट त्रिकोण आणि चार ऑक्सिजनांचा चतुष्फलक. टाकणखारात दोन्ही असतात. पेनाइटमध्ये फक्त त्रिकोण, तोही स्फटिकाच्या अक्षाला काटकोनात आडवा. मघाशी प्रकाशाच्या दोन वाटा म्हटल्या, त्यांचा या आडव्या त्रिकोणांशी संबंध आहे. सपाट त्रिकोण एकमेकांवर रचलेले असले की त्यांच्या पातळीत कंप पावणारा प्रकाश जास्त अडखळतो आणि उभा कंप पावणारा कमी. कॅल्साइटखाली ठेवलेली रेघ दुहेरी दिसते ती याच कारणाने, तिथे त्रिकोण कार्बोनेटचे असतात आणि ते प्रमाणाने भरपूर असतात. पेनाइटमध्ये तीस अणूंमागे एकच बोरॉन, त्यामुळे परिणाम बेताचा आणि सगळं श्रेय त्रिकोणांना देता येणार नाही. पण कल त्याच बाजूचा आहे.

झिर्कोनियमची बैठक मात्र चमत्कारिक. त्याच्याभोवती सहा ऑक्सिजन आहेत, तीन वर आणि तीन खाली. अष्टफलकातही असेच तीन वर, तीन खाली असतात, पण तिथे वरचा त्रिकोण खालच्याच्या मानाने साठ अंशांनी फिरलेला असतो, म्हणजे ऑक्सिजन एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर राहतात. इथे वरचा त्रिकोण खालच्याच्या नेमका डोक्यावर आहे. आकार होतो तो शाळेतल्या त्रिकोणी लोलकाचा. ऋण भाराचे ऑक्सिजन असे समोरासमोर येणं त्यांना सोयीचं नसतं, आणि झिर्कोनियमलाही एरवी ही बैठक पसंत नसते. झिरकॉन या त्याच्या नेहमीच्या खनिजात तर ते चांगले आठ ऑक्सिजन गोळा करून बसतं. पण त्रिकोणी बोगद्यात दुसरी जागाच नाही. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याने घर बांधलंय, त्याच्या मापात बसायचं.

मूर यांना ही बोगद्यांची मांडणी आणखी दोन बोरेट खनिजांमध्ये दिसली, जेरेमेजेवाइट आणि फ्लुओबोराइट, आणि त्यांनी तिघांचं नातं लावून दाखवलं. रसायनाने पाहिलं तर एकात झिर्कोनियम नाही, दुसऱ्यात ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम. सूत्रांवरून हे कोणी एका कुळातले म्हणणार नाही. घराची आखणी बघितली की म्हणावं लागतं.

आता तो मागे ठेवलेला प्रश्न. या दोघांना एकत्र शोधावं असं कोणाला का वाटलं नसतं?

बोरॉन हे मूलद्रव्य विश्वातच कमी आहे. ताऱ्यांच्या पोटात ते तयार होण्याऐवजी नष्ट होतं. जे काही आहे ते बहुतांशी ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत घडलं, कार्बन आणि ऑक्सिजनच्या केंद्रकांवर वैश्विक किरण आदळून त्यांचे तुकडे उडाले, त्या तुकड्यांतून. झिर्कोनियमची गोष्ट अगदी उलटी: म्हाताऱ्या, फुगलेल्या ताऱ्यांमध्ये केंद्रकं एकेक न्यूट्रॉन सावकाश पचवत जड होत गेली, त्या वाटेवर ते मोठ्या प्रमाणात बनलं. एक फुटण्यातून आलेलं, दुसरं साठण्यातून.

पृथ्वीवर आल्यावरही दोघांचे स्वभाव जुळले नाहीत. बोरॉनला पाण्याची ओढ. खडक वितळला, थंड होऊ लागला की बोरॉन शेवटपर्यंत रसात राहतं, मग गरम पाण्याबरोबर निघून जातं, झऱ्यांतून बाहेर येतं, समुद्रात मिसळतं, आटत्या खाऱ्या तळ्यांच्या काठी साचतं, पाऊस आला की पुन्हा विरघळतं. झिर्कोनियम जागचं हलत नाही. ग्रॅनाइटच्या रसात सिलिका, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनचं संयुग, मिळताच ते झिरकॉनचे कण करतं आणि ते कण मग ऊन, पाणी, झीज, कशालाही दाद देत नाहीत. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडलेले झिरकॉनचे काही कण ४४० कोटी वर्षांइतके जुने आहेत. ज्या खडकात ते जन्मले त्याचा मागमूस उरला नाही, कण आहेत. असं हे एक सतत वाहणारं आणि दुसरं न हलणारं, यांची गाठ पडायची कशी?

बरं, पडली तरी एकत्र राहण्याचं कारण नसतं. भूकवचात सिलिका जागोजाग आहे. सिलिका असेल तिथे झिर्कोनियम झिरकॉनमध्ये जातं आणि बोरॉन टूर्मलीन या दुसऱ्या खनिजामध्ये. दोघं शेजारी असली तरी आपापल्या घरी. पेनाइट व्हायचं तर झिर्कोनियम हवं, बोरॉन हवं, ॲल्युमिनियम मुबलक हवं आणि सिलिका जवळजवळ नको. ही शेवटची अट मला सर्वांत कठीण वाटते. आणायच्या गोष्टींपेक्षा टाळायची गोष्ट अवघड.

मोगोकमध्ये ती अट संगमरवराने पुरी केली. भारतीय भूखंड आशियाला भिडल्यानंतरच्या उलथापालथीत तिथले चुनखडक दाबाखाली आणि उष्णतेत संगमरवर झाले, आणि त्यांत ग्रॅनाइटच्या जातीचे रस घुसले. रस आणि संगमरवर यांच्या सीमेवर दोन परकी रसायनं एकमेकांना भिडतात: एका बाजूने झिर्कोनियम, बोरॉन, ॲल्युमिनियम येऊ शकतात, दुसऱ्या बाजूला कॅल्शियमचा साठा आणि सिलिकेचा दुष्काळ. माणिकसुद्धा अशाच दुष्काळात जन्मतं. सिलिका भरपूर असती तर त्यातलं ॲल्युमिनियम अभ्रकात नाहीतर फेल्डस्पारमध्ये गेलं असतं. पेनाइट माणकाच्या गावात सापडलं यात म्हणूनच नवल नाही.

याच संदर्भात क्लॅरिंगबुल आणि हे यांच्याच एका जुन्या कामाची आठवण होते. १९५२ साली या दोघांनी सिन्हलाइट नावाचं बोरेट खनिज वेगळं काढलं होतं. श्रीलंकेतले सोनेरी-तपकिरी खडे बरीच वर्षं ऑलिव्हिनच्या जातीचे, तपकिरी पेरिडॉट म्हणून संग्रहांत आणि बाजारात वावरत होते. ते निघाले मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि बोरॉनचे. गंमत ही की रचना खरोखरच ऑलिव्हिनची आहे. ऑलिव्हिनमध्ये दोन मॅग्नेशियम आणि एक सिलिकॉन असतो. इथे सिलिकॉनच्या चतुष्फलकी जागेवर बोरॉन बसला, त्याने एक भार कमी पडला, तो भरून काढायला एका मॅग्नेशियमच्या जागी ॲल्युमिनियम आला. सिन्हलाइटमधला बोरॉन दुसऱ्याच्या खुर्चीत बसून त्याच्यासारखा वागतो. पेनाइटमधला स्वतःचा सपाट त्रिकोण सोडत नाही. पाच वर्षांच्या अंतराने तीच दोन माणसं बोरॉनच्या या दोन्ही बैठकांपाशी पोचली होती, फक्त दुसऱ्या वेळी त्याच्या बोगद्यातला सोबती अजून अंधारात होता.

गिनेसच्या नोंदीचं पुढे काय झालं? त्याच सुमाराला मोगोकजवळच्या ओनगाइंग आणि वेट लू या भागांत पेनाइटचे मूळ साठे सापडले आणि एकदम हजारो तुकडे बाहेर आले. बहुतेक भेगाळलेले, गढूळ, पैलू पाडण्याच्या लायकीचे थोडेच. दुर्मीळपणाचा किताब असा अडचणीत आला, आणि अभ्यासकांची मात्र सोय झाली. २००४ साली आर्मब्रुस्टर आणि सहकाऱ्यांनी रचना पुन्हा तपासली होती, त्यात मूर-अराकींच्या आराखड्याला एक दुरुस्ती निघाली: रचनेत एक आडवा आरसा आहे, जो १९७६ च्या आराखड्यात नव्हता. हा आरसा नेमका बोरॉनच्या त्रिकोणांमधून आणि झिर्कोनियमच्या लोलकाच्या कमरेतून जातो. खालचं अर्धं आणि वरचं अर्धं हुबेहूब सारखं. तो लोलक तितका काटेकोर का आहे, हे त्यामुळे अधिक नीट कळतं.

नव्या साठ्यांतून आलेल्या तुकड्यांमध्ये मला सर्वांत हवेसे वाटतात ते जोडतुकडे, ज्यांत पेनाइटवर माणिक वाढलेलं आहे. पैलू पाडणारा असा तुकडा बाजूला टाकेल. पण माणिक म्हणजे नुसतं ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. त्याला बोरॉन नको, झिर्कोनियम नको, कॅल्शियमही नको. म्हणजे आधी पेनाइट बनण्याइतका दोघांचा पुरवठा होता आणि मग परिस्थिती पालटली. तिथे पेनाइटच मोडून माणिक झालं असेल, तर बोरॉन कुठे गेलं असेल याचा अंदाज करता येतो, ते पाण्याबरोबर निघालं असणार. झिर्कोनियम मात्र फार दूर जाऊ शकत नाही. ते त्या सीमेच्या आसपासच, दुसऱ्या एखाद्या खनिजाच्या कणात, शोधायला हवं.